आकाशातला अनोळखी दिवा: ठाणे–नवी मुंबईच्या गच्चीवरून लष्करी पद्धतीची तपासणी

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये पांगाँग सरोवराजवळच्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी दिव्यांच्या तीनशेहून जास्त नोंदी केल्या. चीनचे ड्रोन असावेत असा संशय होता. प्रकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेलं. दिवा नेमका किती वाजता दिसला, कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंश वर, हे आकडे मिळाल्यावर संस्थेला उत्तर सापडलं. त्यातला एक गुरू होता, दुसरा शुक्र.

घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावरून काही दिसलं तरी हेच तीन आकडे लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओत बहुतेक वेळा यातला एकही नसतो. असतो तो काळ्या पडद्यावर थरथरणारा पांढरा ठिपका आणि मागून "अरे बघ, बघ!"

यादीशी जुळवणं

हवाई संरक्षणात तपास सुरू होतो तो यादीपासून: त्या वेळी, त्या जागी आकाशात काय काय असणं अपेक्षित होतं? आपल्याकडे उड्डाणाआधी हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो, त्याला एडीसी नंबर म्हणतात. रडारवरचा ठिपका यादीतल्या उड्डाणाशी जुळला की विषय मिटला. जुळला नाही तर तो 'अननोन' ठरतो, आणि वेळ पडल्यास लढाऊ विमान पाठवतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्यावर उड्डाणं काही तास खोळंबली, दोन राफेल शोधायला गेली, हाती काही लागलं नाही.

रडारही चकतं. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टन शहरावर रडारला ठिपके दिसले तेव्हा अमेरिकी हवाई दलानं तापमानाच्या उलट्या थराचं कारण दिलं: खाली थंड हवा, वर उबदार, त्यामुळे रडारचे किरण वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तूंचे प्रतिध्वनी आकाशात असल्यासारखे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ठाण्याच्या खाडीवर धुराचा सपाट पट्टा दिसतो ना, तो अशाच थराखाली अडकलेला असतो. त्या हवेतून बघताना क्षितिजालगतचे दिवे थरथरतात, कधी ताणल्यासारखे दिसतात.

गच्चीवर रडार नसलं तरी यादी फोनमध्ये असते. विमानांसाठी फ्लाइटरडार२४, ग्रहताऱ्यांसाठी स्टेलेरियम, उपग्रहांसाठी हेवन्स-अबव्ह. मात्र यादीत शोधायला आधी स्वतःची नोंद नेमकी हवी.

पहिलं मिनिट

दिवा दिसला की कॅमेऱ्याआधी घड्याळ. फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेतली जाते ना, ते सेटिंगमध्ये एकदा बघून ठेवा. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका. सीसीटीव्हीचं घड्याळ तर बऱ्याचदा काही मिनिटं पुढे-मागे असतं. फुटेज घ्यायचं असेल तर त्याच वेळी त्याच्या पडद्याचा आणि फोनच्या वेळेचा एकत्र फोटो काढा, म्हणजे फरक कळतो. वेळ सेकंदांपर्यंत लागते. उपग्रह दोन मिनिटांत अर्धं आकाश कापतो, तिथे "साडेसातच्या सुमारास" लिहून काही जुळत नाही.

दुसरी गोष्ट, जागचं हलू नका. आणि उघड्या काळ्या आकाशात एकट्या दिव्याकडे टक लावू नका. आजूबाजूला काहीच नसेल तर अर्ध्या-एक मिनिटात स्थिर ठिपकाही सरकायला, डोलायला लागतो. ती डोळ्याचीच करामत असते, आणि "मध्येच दिशा बदलत होता" अशा कितीतरी साक्षी तिच्यातून येतात. उपाय सोपा आहे. डोकं कठड्याला किंवा भिंतीला टेकवा आणि दिवा पाण्याच्या टाकीच्या कडेला, अँटेनाला किंवा समोरच्या टॉवरच्या कोपऱ्याला लावून धरा. कडेपासूनचं अंतर बदललं तरच तो हलतोय. दहा मिनिटांत साधारण अडीच अंश सरकला तर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग तोच आहे, तासाला १५ अंश. म्हणजे तारा किंवा ग्रह.

दिशा आणि उंची

दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजतात: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. याला दिगंश म्हणतात. फोनचं होकायंत्र गॅलरीच्या लोखंडी ग्रिलजवळ सपशेल चुकतं; २०-३० अंशांची चूक सहज होते. गच्चीतली लोखंडी शिडी, सोलरचे पाइप, लिफ्टची मोटर यांच्यापासून निदान तीन मीटर लांब उभं राहा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे होकायंत्र सोडूनच द्या. दिवा समोरच्या कोणत्या इमारतीच्या कोणत्या कोपऱ्यावर होता ते लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी गूगल अर्थवर तुमच्या जागेपासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढून कोन वाचा. चूक एका अंशाच्या आसपास राहते. मुंबई परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे, त्यामुळे ती दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

उंची हातानं मोजतात. हात पूर्ण ताणून धरल्यावर करंगळीची जाडी १ अंश, अंगठा २, तीन बोटं ५, मूठ १० आणि पसरलेली वीत २० ते २२ अंश. आपली मूठ तपासून घ्या: क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत मुठीवर मूठ रचत नऊ बसल्या पाहिजेत. आठच बसल्या तर तुमची मूठ सव्वाअकरा अंशांची.

अडचण अशी की आपल्याकडे क्षितिज दिसतंय कुठे? चहूकडे टॉवर. अशा वेळी तुमच्या डोळ्याच्या पातळीतला बिंदू हेच क्षितिज धरा. तुम्ही बाराव्या मजल्यावर असाल आणि समोरचा टॉवर सपाट जमिनीवर असेल तर त्याचा साधारण बारावा मजला. डोंगराच्या रेषेपासून मोजू नका. कोपरखैरण्यातून पारसिकची रांगच काही अंश वर आलेली असते, तेवढी चूक थेट नोंदीत उतरते.

मोठेपणा सांगताना "ताटाएवढा", "फुटबॉलएवढा" असं लिहू नका, कारण अंतर माहीत नसताना त्याला अर्थ नाही. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, करंगळीमागे आरामात झाकला जातो. दिवा चंद्राच्या निम्मा, की नुसता बिंदू, हे लिहिलं तर उपयोग होतो.

फोन

डिजिटल झूम नको. झूम केल्यावर फोकस हरवतो आणि साध्या ताऱ्याचा धडधडणारा गोल होतो. त्याच्या कडेला लेन्सच्या आकाराप्रमाणे कोनही दिसतात. 'तबकडी' म्हणून फिरणाऱ्या कित्येक क्लिप म्हणजे अशी फोकस सुटलेली चित्रं. प्रो मोड असेल तर फोकस अनंतावर, आयएसओ ४०० ते ८००, शटर सेकंदाचा दहावा भाग इथून सुरुवात करा. फोन कठड्यावर दुमडलेल्या रुमालावर टेकवा. फ्रेममध्ये इमारतीची कड आलीच पाहिजे, नाहीतर मागाहून मोजायला आधार उरत नाही.

काचेतून चित्रण करू नका. रस्त्यावरचा एलईडी दिवा फ्रेममध्ये असेल तर लेन्समध्येच त्याचं भूत तयार होतं. ओळखायची खूण: तेजस्वी दिव्यापासून चित्राच्या मध्यातून रेघ ओढा, पलीकडे जवळजवळ तेवढ्याच अंतरावर तुमचा अनोळखी दिवा पडत असेल तर तो लेन्समधला आहे. फोन हलवल्यावर तो उलट दिशेला पळतो, यावरूनही कळतं.

मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली वेळेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आणि कॅमेरा कुठे रोखताय ते बघा. येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचं ठाणं आहे, वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, शिवाय विमानतळ. अशा जागांच्या दिशेनं लांब लेन्स लावून बसलेल्या माणसाचीच चौकशी आधी होईल, आणि ते योग्यच आहे.

चाळणी: आधी विमान

या भागात पहिला संशय कायम विमानावर घ्यावा. मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं पूर्वेकडून, नवी मुंबईवरून येतात. कोपरखैरण्याच्या आसपास ती साधारण दोन हजार फुटांवर असतात. पूर्वेच्या गॅलरीतून त्यांचा लँडिंग लाइट सरळ डोळ्यांत येतो. आता हिशेब बघा. विमान तुमच्यापासून २५ किलोमीटरवर असताना पारसिकच्या जेमतेम वर, साडेचार अंशांवर दिसतं. १० किलोमीटरवर येईपर्यंत जवळजवळ तीन मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात दिवा सरकतो फक्त दोन अंश, म्हणजे अंगठ्याच्या जाडीएवढा. तीन मिनिटं जागच्या जागी तळपणारा, आवाज नसलेला दिवा! पुढच्या दीड-दोन मिनिटांत तो एकदम डोक्यावर येतो, म्हणून "थांबला होता आणि अचानक सुसाट सुटला" असं वाटतं. विमान वळलं तर झोत दुसरीकडे जातो, आणि दिवा विझल्यासारखा नाहीसा होतो.

रंग बघा. विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा दिवा असतो. तुम्हाला लाल उजवीकडे आणि हिरवा डावीकडे दिसला तर ते तुमच्याकडे येतंय. आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात. १० किलोमीटर उंचीवरचं विमान डोक्यावर असतं तेव्हा आवाज अर्धा मिनिट मागून येतो, तोही आला तर.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे, त्यामुळे उलवे, पनवेल, बेलापूर बाजूच्या लोकांना वर्षानुवर्षं मोकळं असलेलं आकाश आता वेगळं दिसतं. फ्लाइटरडार२४ वर मागची वेळ लावून बघता येते. तिथे दिसलं नाही म्हणून विमान नव्हतं असं मात्र धरू नका. बरीच लष्करी विमानं आणि हेलिकॉप्टरं तिथे नसतात.

मग ग्रह, तारे, उपग्रह

शुक्र सूर्यापासून ४८ अंशांपलीकडे कधी जात नाही. म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांपर्यंत किंवा पहाटे पूर्वेला तेवढाच वेळ आधी दिसतो. मध्यरात्री डोक्यावर तळपणारा दिवा शुक्र असूच शकत नाही. गुरू असू शकतो. साध्या १०×५० दुर्बिणीतून, कोपर टेकवून, गुरूच्या बाजूला एका रेषेत बारीक ठिपके दिसले की ते त्याचे चंद्र.

हिवाळ्यात दोन तारे फार फसवतात. डिसेंबरात रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्व-आग्नेयेला उगवून वर येणारा व्याध लाल, हिरवा, निळा असा झपाट्यानं रंग बदलतो. तो खाली असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यामुळे हे होतं. दोन तासांनी वर चढला की शांत होतो. दुसरा अगस्त्य. ठाण्याच्या अक्षांशावरून तो दक्षिणेला जास्तीत जास्त १८ अंशच वर येतो, दोन मुठींपेक्षा कमी. फेब्रुवारीत रात्री नऊच्या आसपास पाम बीच रोडच्या इमारतींवरून दक्षिणेला लुकलुकणारा एकटा दिवा बघितलात तर आधी हे नाव घ्या.

ग्रहताऱ्यांची खात्रीची कसोटी म्हणजे दुसरी रात्र. तीच जागा, तीच टाकीची कड. तारा असेल तर चार मिनिटं आधी बरोबर तिथेच येईल.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जातं, न मिचकावता, पश्चिमेच्या बाजूनं पूर्वेकडे, चार ते सहा मिनिटं. मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरलं की काही सेकंदांत मावळतं. स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांची माळ प्रक्षेपणानंतर थोडे दिवसच दिसते. दोन्ही सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या दोनेक तासांतली गंमत.

उल्का एक ते पाच सेकंदांत संपते. मोडलेलं रॉकेट पडताना मात्र अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ, आडवं, तुकडे होत जाताना दिसतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलेल्या जळत्या रेघा तशाच होत्या; चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं.

संध्याकाळी सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत उंच, स्थिर पांढरा ठिपका असेल तर हवामानाचा फुगा आठवा. हवामान खात्याचे फुगे साडेपाचच्या, सकाळ-संध्याकाळच्या, निरीक्षणासाठी सोडतात. ३० किलोमीटर उंचीवर ऊन आपल्यापेक्षा तेवढा वेळ जास्त टिकतं.

खालच्या आकाशातली मंडळी

ड्रोनला हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फुटांपर्यंतच मुभा आहे. एक किलोमीटरवरचा असा ड्रोन जमिनीवरून सात अंशांच्या आत दिसतो; विसाव्या मजल्यावरून जवळजवळ निम्म्याच उंचीवर. ४० अंशांवरचा दिवा ड्रोन असेल तर तो अगदी जवळ असणार आणि घरघर ऐकू येणार. उडता कंदील नारिंगी, वाऱ्याच्या दिशेनं जाणारा, पाच-दहा मिनिटांत विझणारा. तेव्हाचा वारा कुठून होता हे खालच्या झाडावरून नव्हे, ढगांवरून किंवा चिमणीच्या धुरावरून बघा. लग्नाच्या हॉलमधल्या झोतांचे गोल ढगावर फिरतात, आणि ढग विरळ झाला की गोल नाहीसे होतात. पावसाळ्यात तर माहुलच्या रिफायनरीची ज्वाळासुद्धा खालच्या ढगांना नारिंगी करते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या तपासणीच्या फार नादी लागू नये.

एक अपवाद मात्र लगेच ओळखा. उरण किंवा खाडीच्या बाजूला, पाण्यावर, झगझगीत लाल दिवा वर जाऊन हळूहळू तरंगत खाली येतोय, चाळीसेक सेकंद टिकतोय: ती बोटीवरची संकटाची पॅराशूट फ्लेअर असू शकते. तिथे तपासणी बाजूला ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ किंवा ११२ फिरवा, दिशा आणि वेळ सांगा.

दोन गच्च्या

एका जागेवरून अंतर कळत नाही. किमान पाच किलोमीटर लांब दुसरा माणूस हवा, आणि दोघांनी फोनवर बोलत एकाच सेकंदाला मोजायला हवं. समजा एक ठाणे स्टेशनजवळ, दुसरा वाशी स्टेशनजवळ. अंतर जवळजवळ १४ किलोमीटर, ठाण्याहून वाशीची दिशा सुमारे १७० अंश. ठाण्याच्या माणसाला दिवा ११० अंशांवर दिसला, वाशीच्या माणसाला ५० वर. दोन्हीकडे रेषेशी ६० अंशांचा कोन, म्हणजे समभुज त्रिकोण. दिवा दोघांपासून १४ किलोमीटरवर, शीळफाट्याच्या पलीकडच्या बाजूला. उंची सहा अंश भरली तर १४ × ०.१०५, म्हणजे सुमारे १.४७ किलोमीटर किंवा ४,८०० फूट. उतरायला येणारं विमान. दिशा मोजताना दोन अंशांची चूक झाली तर जागा अर्ध्या किलोमीटरहून जास्त सरकते, एवढं ध्यानात ठेवा.

दोघांच्याही दिशा आणि उंच्या सारख्याच आल्या तर दिवा फार लांबचा, सरळ ग्रहताऱ्यांत जमा. आणि एकाला दिसला, दुसऱ्याला मोकळ्या आकाशात दिसलाच नाही, तर तो खालचा, जवळचा.

शिक्का

फ्रान्सच्या अवकाश संस्थेत १९७७ पासून अनोळखी दिव्यांच्या नोंदी तपासण्याचं काम चालतं. त्यांचे चार शिक्के घरीही वापरता येतात: अ, ओळख पटली, ब, बहुधा पटली, क, माहिती अपुरी, ड, माहिती भरपूर आणि तरीही ओळख पटली नाही. 'क' आणि 'ड' एकत्र करणं ही सगळ्यात मोठी चूक. व्हिडिओ आहे पण वेळ-दिशा नाही, तो 'क', मग कितीही थरारक असो. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुक या अशाच तपासात १९६९ ला दप्तर बंद होईपर्यंत १२,६१८ प्रकरणं जमली. ७०१ अनोळखी राहिली, साधारण साडेपाच टक्के.

नोंद एवढी असावी: "२१:१४:३० ते २१:१७:१०. कोपरखैरणे, ११ वा मजला, पूर्वेची गॅलरी. सुरुवातीला दिगंश ९०, उंची साडेचार अंश. शेवटी ९०, साडेसहा. पांढरा, न मिचकावणारा. २१:१६ नंतर लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. आवाज नाही. ढग नाहीत. फोटो ३, मूळ फाइल जपलेली. शिक्का अ." जागेवरच लिहा, शेजाऱ्याशी बोलण्याआधी. दोघांनी पाहिलं असेल तर दोघांनी वेगवेगळं लिहून मगच कागद दाखवावेत. विमानतळाच्या आसपास खालून घिरट्या घालणारं काही असेल तर शिक्क्यासाठी थांबू नका, ११२ ला कळवा.